पिकअपची कंबर

कवडूजी मेश्राम गाडीखाली असले की त्यांच्याशी बोलायला आपल्यालाही खाली बसावं लागे. "जरा बाहेर या" म्हटलं तर आतून आवाज येई, "तुमीच खाली या ना जी, इकडं सावली आहे." मग आलेला माणूस उकिडवा बसे, मान वाकडी करी आणि कवडूजींच्या दोन तळपायांशी बोलू लागे, कारण तेवढेच बाहेर दिसत. बालाघाटातली किती मोठी माणसं मी अशी बसलेली पाहिली! जंगलखात्याचे साहेब, बसमालक, धर्मादाय दवाखान्याच्या कमिटीचे अध्यक्ष दुलीचंद शेठ आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्का त्याच दवाखान्यात डॉक्टर होती. वाकणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण कवडूजींच्या शेडपुढे तीही पदर खोचून खाली बसे.

आम्ही दोघी बहिणी शेडच्या समोरच्या घरात भाड्यानं राहत होतो. आक्काच्या नोकरीमागे मी भंडाऱ्याहून इथे आले आणि मराठी शाळेत गणित शिकवू लागले. शेड म्हणजे चार खांबांवर टाकलेले पत्रे आणि शेजारी एक जुनं मोहाचं झाड. झाडाच्या आडव्या फांदीला साखळीची कप्पी लटकवलेली. इंजिन उचलायचं असलं की गाडी ढकलत फांदीखाली आणायची. होळीच्या सुमाराला मोहाची फुलं टपटप पडू लागली की उघड्या इंजिनात फुलं जाऊ नयेत म्हणून कवडूजी त्यावर आपल्या बायकोचं जुनं लुगडं पांघरत. शेवंताबाई आमच्या ओसरीवर येऊन म्हणायची, "पाहा व बाई, मले थंडी वाजली त मनते चुलीपाशी बस. इंजनाले मात्र माहं लुगडं!"

माणूस बुटका, रुंद, कान मोठे. पुढचा एक दात तुटलेला. तो दात कसा तुटला ते त्यांची ऐकण्याची पद्धत पाहिली की कळे. सागाची वीतभर काडी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक चालत्या इंजिनाला लावायचं, दुसरं दातात धरायचं, दोन्ही कानांत बोटं घालायची आणि डोळे मिटायचे. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते म्हणे दातांतून थेट डोक्यात जातं. जबलपूरच्या लष्करी वर्कशॉपात, लढाईच्या काळात, कोणा पंजाबी हवालदारानं त्यांना हे शिकवलं होतं. तिथेच एका दांडगट इंजिनानं काडीला धक्का दिला आणि दाताचा तुकडा उडाला. "शिकायची फी," असं ते हसून सांगत.

मशीन बिघडलं असं ते कधी म्हणत नसत. मशीन 'नाराज' असे. माझा नवा स्टोव्ह एकदा भडकू लागला तेव्हा मी तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी त्यालाही काडी लावून ऐकलं, मिशीचं एक टोक जाळून घेतलं आणि म्हणाले, "नाराज आहे बाई, खराब नाई. तुमी याले रागानं पंप मारता. शाळेतला राग शाळेत ठेवून येत जा." पिन फिरवून स्टोव्ह परत दिला. मला फार राग आला. पण त्या दिवसापासून मी पंप हळू मारू लागले, आणि स्टोव्ह पुन्हा कधी भडकला नाही हेही खरं.

दसऱ्याला गावातले सगळे मिस्त्री हत्यारांना हळदकुंकू वाहत. कवडूजी छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. त्यानंतर पूजा बंद झाली, पण हत्यारांना ते विसरले नाहीत. सकाळी सगळे पाने, पक्कड, हातोडे रॉकेलनं धुवायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि स्वच्छ पोत्यावर ओळीनं मांडून ठेवायचे. त्या दिवशी कोणी गाडी घेऊन आला तर पांढऱ्या सदऱ्यातले कवडूजी हात जोडून सांगत, "आज त्याहिले सुट्टी आहे. वर्षभर माया हातानं मार खाते बिचारे."

आता पिकअपची गोष्ट. कवडूजींचं नाव निघालं की मला तीच आठवते.

आक्काच्या दवाखान्याकडे एक युद्धाच्या आधीची अमेरिकन पिकअप होती. तिरोडीच्या मँगनीज खाणीतले एक साहेब देश सोडून जाताना ती दवाखान्याला देऊन गेले होते. नाकाडाची, निळी, मागे ताडपत्रीचं छप्पर. आक्का स्वतः चालवायची. दर गुरुवारी औषधांच्या पेट्या घेऊन ती घाट चढून बैहरच्या अंगाला जाई आणि बाजाराच्या गावी झाडाखाली रोगी तपासत बसे. कोणाला इस्पितळात आणायचं असलं तर पिकअपमध्ये गादी टाकून बालाघाटला घेऊन येई. जाऊन-येऊन ऐंशी मैल.

एका हिवाळ्यात त्या पिकअपचं पेट्रोल इंजिन कायमचं बसलं. कवडूजींनी काडी लावली, काढली आणि फक्त मान हलवली. ही 'नाराज' सुद्धा राहिली नव्हती. तीन महिने आक्का एसटीनं, कधी बांबूच्या ट्रकनं घाट चढली. त्या तीन महिन्यांत फुलवंती नावाची एक बाळंतीण खाली आणायला गाडी मिळाली नाही, आणि ती वरच गेली. आक्का आली, हात धुतले, आणि तशीच दवाखान्यात गेली. एवढंच सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मग तिरोडीच्या एका ठेकेदारानं आपल्या मोडीत निघालेल्या ट्रकचं डिझेल इंजिन दवाखान्याला दान दिलं. इंजिन उत्तम होतं. बैलगाडीतून शेडपुढे उतरवलं तेव्हा दुलीचंद शेठांनी त्याला झेंडूची माळ घातली. "अब देरी किस बात की, कवडू?" ते म्हणाले. "होली तक गाडी चाहिए. नहीं तो कमिटी कह रही है, पिकअप बेच दो और घाट के ऊपर का काम बंद."

कवडूजींनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, त्याच्यावर थाप मारली आणि पिकअपच्या मागच्या चाकांमध्ये जाऊन आडवे झाले. शेठांना वाकावं लागलं.

"इंजिन इधर है भाई, आगे!"

"पाह्यलं जी. आता कंबर पाहून राह्यलो."

कंबर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी आस असतो आणि त्याच्या मधोमध पोटासारखा फुगलेला डबा. इंजिनाकडून आलेला लांब फिरता दांडा त्या डब्यात शिरतो. आत एक लहान दातेरी चाक आणि एक मोठं. लहान चार-पाच वेळा फिरतं तेव्हा मोठं एकदा फिरतं, आणि मोठ्याबरोबर गाडीची चाकं. या सगळ्या बोचक्याला मिस्त्रीलोक हौसिंग म्हणत. कवडूजी म्हणत कंबर.

"बाई, इंजन म्हंजे छाती," ते मला समजावून सांगू लागले. "आता आपण हिले पहिलवानाची छाती देऊन राह्यलो. अन् कंबर तीच जुनी, सोळा वर्साच्या पोट्टीची. सपाटीवर चालन. पण घाटात बोजा घेऊन जोर मारला का नाई, कटकन मोडन."

शेठांना हे पटलं नाही. जी आहे ती बसवा, नवीन काही शोधायचं नाही, असा कमिटीचा हुकूम झाला. कवडूजी भांडले नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी डिझेल इंजिन जुन्या हौसिंगला जोडलं, मागे सहा माणसांच्या वजनाची रेतीची पोती भरली आणि आक्काला म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमी नका बसू. पयल्या फेरीचा मान शेठजीले."

शेठ मानाचे मोठे भुकेले. नवा फेटा बांधून पुढे बसले. चालवायला बसमालकाचा एक ड्रायव्हर घेतला होता. कवडूजी मागे पोत्यांवर, दोन्ही बगलांत दोन लाकडी ठोकळे घेऊन. घाटाच्या तिसऱ्या वळणावर, चढ उभा झाला तिथे, मागून 'टण्ण' असा आवाज आला. इंजिन जोरात गुरगुरत होतं आणि गाडी मात्र थबकली. मग हळूच मागे सरकू लागली. तेवढ्यात कवडूजी उडी मारून खाली उतरले होते आणि दोन्ही चाकांमागे ठोकळे लागले होते.

दुलीचंद शेठ त्या दिवशी बांबूच्या बैलगाडीवर बसून बालाघाटला परतले. कवडूजी त्यांच्या शेजारी, मांडीवर मोडलेल्या आसाचा तुकडा. तुकडा पिळलेल्या उसासारखा दिसत होता. ते रस्ताभर शेठांना तो दाखवत होते, रागानं नव्हे, कौतुकानं. "पाहा जी, कसा पिळला! इंजनात दम आहे हां!"

यानंतर शेठांनी दुसरं टोक गाठलं. जबलपूरच्या लष्करी लिलावातून त्यांनी एका अवजड ट्रकची कंबर मागवली. ती इतकी दणकट होती की उतरवायला आठ माणसं लागली. कवडूजींनी ती बसवली. आक्कानं चालवून पाहिली. घाट ती हत्तीसारखी चढली, पोत्यांसकट, न थांबता. माथ्यावर आक्का हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली असेल.

पण माथ्यावरून पुढे सपाट रस्ता लागला आणि पिकअप काही पळेना. इंजिन ओरडून ओरडून घसा बसवत होतं, आणि मागून आलेली एसटी भोंगा वाजवत पुढे निघून गेली. संध्याकाळी शेडमध्ये मी कागद घेऊन बसले. मागच्या चाकाचा घेर दोरीनं मोजला. डिझेल इंजिन एका मिनिटाला जास्तीत जास्त किती फिरतं ते ठेकेदारानं सांगितलेलं होतं. कवडूजींनी डब्याचं झाकण उघडून दात मोजायला दिले. मोठ्या चाकाचे चाळीस, लहानाचे सहा. म्हणजे इंजिन जवळजवळ पावणेसात वेळा फिरलं की चाक एकदा. हिशेब आला ताशी तिसाच्या आत, तोही इंजिन किंचाळत असताना. जुन्या कंबरेचे होते सदतीस आणि नऊ, म्हणजे चारला थोडी वर. तिच्यात वेग भरपूर, पण जीव नाही.

"चालेल कवडूजी," आक्का म्हणाली. "घाट तर चढते ना? आणखी दीड तास लागेल, लागू दे."

कवडूजींनी हात पुसले. त्यांना आक्काला नाही म्हणताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बाई, घाट किती मैलाचा? पाच-सहा. बाकी तीसच्या वर मैल सपाटच आहे. बाळंतीण मागं पडून राह्यली अन् आपण पुढं इंजनाचा कोकलणा आयकत चाललो. चढली म्हणून आपण खुश, अन् ते पोचली का नाई?"

आक्कानं माझ्या हातातला कागद एकदा पाहिला. उठून घरी गेली. थोड्या वेळानं दारातूनच म्हणाली, "मग तुम्ही काय ते शोधा. होळीपर्यंत मी कमिटीला थोपवते."

होळीला पाच आठवडे उरले होते. पाहिजे होती ती कंबर जुनीपेक्षा मजबूत आणि लष्करीपेक्षा चपळ. कवडूजी गोंदियाला जाऊन आले, वारासिवनीला जाऊन आले, भंगाराचे ढीग उपसले. मिळे ते एक तर तुटलेलं, नाही तर इतकं रुंद की चाकं पिकअपच्या पत्र्याबाहेर येतील. लोक हसू लागले. "कवडू पिकअपसाठी बायको शोधून राह्यला," असं बाजारात म्हणत. ते शेवंताबाईच्या कानावर गेलं. ती म्हणाली, "शोधू द्या. मले पाहाले आलता तवा इतकी चौकशी नाई केली."

आणि मग राजेगावकडच्या एका लग्नात कवडूजी भर पंगतीतून उठले.

हा प्रकार शेवंताबाईनंच आम्हाला सांगितला. पानावर भात वाढलेला, वरून आमटी पडायची, आणि हे कान टवकारून बसलेले. शेताच्या पलीकडून कसला तरी घुमणारा आवाज येत होता. एकदम उठले आणि उष्ट्या हातानं शेताच्या बांधावरून चालू लागले. यजमान मागे धावले, त्यांना वाटलं पाहुणे रुसले. शेवंताबाई म्हणाली, "बसा जी, बसा. तो रुसला नाई. त्याले काई आयकू आलं."

दुसऱ्या रविवारी मी आणि कवडूजी बसनं तिथे गेलो. आक्का दवाखान्यात अडकली होती, म्हणून तिच्या वतीनं मी. गावाच्या कडेला सरस्वताबाई पटले नावाच्या विधवा बाईची चक्की होती. वीज नाही, इंजिन नाही. तिच्या नवऱ्यानं मरण्यापूर्वी एका जुन्या लष्करी गाडीचं हौसिंग आणून अंगणात उभं पुरलं होतं. वरच्या टोकाला लांब लाकडी दांडी आणि तिला बैलजोडी. बैल गोल फिरत, डब्यातली दातेरी चाकं फिरत, आणि बाहेर आलेला दांडा पट्ट्यानं जात्याची मोठी तळी फिरवी. आसपासच्या पाच गावांचं दळण तिच्याकडे येई.

"आयका," कवडूजी म्हणाले आणि काडी दातात धरून त्या डब्याला लावली. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं काही पसरलं की सरस्वताबाई मला हळूच म्हणाली, "याहिले बरं वाटून नाई राह्यलं का?"

मग मोजणी. कवडूजींनी बैलाच्या दांडीवर खडूनं एक रेघ मारली, फिरत्या दांड्यावर एक. बैलाची एक फेरी म्हणजे मोठ्या चाकाची एक फेरी. मी चिंचोके ओंजळीत घेऊन बसले आणि दांड्यावरची रेघ वर आली की एक चिंचोका पदरात टाकू लागले. पहिल्या फेरीला पाच होता होता राहिले. दुसऱ्या फेरीला रेघ थोडी आणखी मागे. कवडूजी म्हणाले, "थांबू नका. दोन्ही रेघा संगमंग येतपर्यंत मोजा." बरोबर आठव्या फेरीला दोन्ही रेघा एकाच वेळी आपापल्या जागी आल्या. पदरात एकोणचाळीस चिंचोके.

"म्हणजे मोठ्याला एकोणचाळीस दात आणि लहानाला आठ!" मी ओरडलेच. डबा न उघडता दात मोजले होते. वर्षानुवर्षं मी फळ्यावर गुणोत्तर शिकवत होते, आणि ते असं बैलांच्या पायांनी चालत येऊन माझ्या पदरात पडेल असं मला वाटलं नव्हतं. जमिनीवरच काडीनं हिशेब केला. ताशी चाळीस मैल. वेगही आणि जोरही.

कवडूजी तोवर पालथे पडून डब्याचं झाकण किलकिलं करून आत बघत होते. "बाई, अजून एक गंमत. बैल याले असे फिरवून राह्यले का दाताची एकच बाजू घासली. गाडीले लागते ते दुसरी बाजू कोरीच आहे. अन् याच्या मालकानं शहाणपणा केला, आतली चाकं डाग देऊन जोडली नाई, नुसती पाचर मारून अडवली. काढली का झालं."

"काय काढता?" सरस्वताबाई पुढे आली. "माही चक्की काढता? पाच गावानं खावं काय, कोंडा?"

आता कवडूजी उठून तिच्यापुढे बसले आणि अगदी शाळेतल्या मुलासारखे मांडी घालून बोलू लागले. "माय, तुह्या बैलाच्या एका फेरीत दांडा पाचला कमी फिरते. माह्यापाशी एक आहे, पावणेसात फिरते. लष्करी. तुह्या नातवाच्या नातवापर्यंत टिकन. मले ते जड होते, तुले कामाचं पडन."

"पावणेसात मंजे?"

मी सांगितलं, "म्हणजे चार तासांचं दळण तीन तासांच्या आत होईल."

तिनं बैलांकडे पाहिलं. "जोर जास्त लागन ना त्याहिले?"

"लागन," कवडूजींनी कबूल केलं. "खोटं नाई सांगत. पण घंटाभर आधी सुटन."

"अन् पीठ गरम झालं त? गरम पिठाची भाकर कोणी घेत नाई. मी एक हात लावीन अन् सांगीन. पयले तुमचं आणून बसवा. नाई जमलं त उचलून घेऊन जा, अन् माहं होतं तसं करून द्या."

"हौ," कवडूजी म्हणाले. परत आणायचा हा सगळा धंदा किती मोठा आहे याचा हिशेब त्यांनी केला की नाही, कोण जाणे.

आठवड्यानं दोन बैलगाड्या लष्करी कंबर घेऊन राजेगावच्या वाटेनं गेल्या. कवडूजी तिथेच तीन दिवस राहिले. चौथ्या दिवशी, शाळेला सुट्टी होती म्हणून, मी आणि आक्का दोघी गेलो. अंगणात गाव जमलेला. बैल जुंपले. पहिल्या पावलाला ते थबकले, मान वळवून मागे पाहिलं, जणू कोणी चेष्टा केली की काय. सरस्वताबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवून काही पुटपुटलं. मग चालू लागले. तळी फिरली, आणि आधीच्यापेक्षा कितीतरी जोरात. पिठाची धार लागली.

सरस्वताबाईनं पाटीत हात खुपसला. कोपरापर्यंत. तसाच ठेवला. कवडूजी तिच्या तोंडाकडे पाहत होते, आक्का कवडूजींच्या. शेवटी बाईनं हात बाहेर काढला, पीठ गालाला लावलं.

"थंडं आहे," ती म्हणाली. "न्या जी तुमची ते कंबर का काय."

कवडूजी उठले आणि नाचले. खरंच नाचले, दोन्ही हात वर करून, पिठानं पांढऱ्या झालेल्या त्या अंगणात. आक्का डॉक्टर असल्याचं विसरून टाळ्या वाजवत होती. बैल मात्र आपले फिरतच होते.

होळीच्या आधी तीन दिवस पिकअप तयार झाली. गाडीचा भार झेलणाऱ्या कमानपाट्यांच्या बैठका थोड्या सरकवाव्या लागल्या, चाकांची भोकं जुळली. होळीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी आक्का एकटी घाट चढून गेली. मी शाळेतून आले ती थेट शेडमध्ये जाऊन बसले. कवडूजी एका बसखाली होते, पण हातोड्याचा आवाज येत नव्हता. दुपार टळली. एकाएकी बसखालून आवाज आला, "आली."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. रस्ता मोकळा होता.

"कुठे आली?"

"नाक्याजवळ आहे. इंजन बोलून राह्यलं. पण मागं, मागं काईच नाई बोलत." आणि ते सरपटत बाहेर आले, डोळे चमकत होते. "बाई, कंबर चूप आहे!"

पिकअप शेडपुढून न थांबता सरळ इस्पितळाकडे गेली. मागे गादीवर एक बाई होती आणि तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मूल आडवं आलं होतं. आक्का नंतर म्हणाली, आणखी एक तास गेला असता तर दोघांपैकी एकाचीच आशा होती. त्या संध्याकाळी मुलगी झाली, आईही सुखरूप. रात्री शेवंताबाईनं आम्हाला जेवायला बोलावलं. लाखोळीची डाळ, भात, जवसाची चटणी, आणि कवडूजींसाठी वेगळी तांदळाची भाकर. ते खाली मान घालून जेवत होते. मधेच हात थांबे, आपल्याशीच हसत, आणि पुन्हा घास घेत.

पुढे दुलीचंद शेठ गावभर सांगू लागले की ती कंबर त्यांनीच निवडली. कोणी कवडूजींना विचारलं तर ते गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "हौ जी, शेठजीनंच. पयली त्याहिनंच तोडून पाह्यली, दुसरी त्याहिनंच आणली, तवा तिसरीचा पत्ता लागला." शेठांना यातलं टोचणं कधीच कळलं नाही, आणि मला वाटतं कवडूजींनाही ते टोचायचं नव्हतंच. ते खरंच तसं मानत असावेत.

पिकअप त्या कंबरेवर नऊ वर्षं घाट चढली. मधल्या काळात आमच्या शाळेतले मराठी वर्ग रोडावले, मुलं हिंदी शाळांकडे गेली. आक्कानं गोंदियाला स्वतःचा दवाखाना काढला आणि मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी कवडूजी आले. केस पिकले होते, बाकी काही बदललं नव्हतं.

"टेशनावर येणं नाई होत बाई," ते ओशाळून म्हणाले. "उद्याच नातवाची वरात आहे. त्याच टायमाले निघते."

मी म्हटलं, वरात महत्त्वाची. त्यांनी अंगणभर नजर फिरवली, काही सामान उचलायचं राहिलं का म्हणून, आणि गेले.

सकाळी गोंदियाच्या छोट्या रेल्वेगाडीत खिडकीशी बसले. गाडी बालाघाट सोडून रमतगमत निघाली. गावाबाहेरच्या फाटकाशी एक ट्रक अडकून उभा होता, वर माणसं खचाखच, बाजा वाजत असलेला. ट्रकच्या मागच्या फळीवर पाय देऊन, एका हातानं दोर धरून कवडूजी उभे होते. पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी पागोटं. मी कोणत्या डब्यात आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते प्रत्येक डब्याला दुसरा हात कपाळाशी नेत होते आणि ओरडत होते, "जयभीम बाई! जयभीम बाई!"

पुढच्या डब्यातले लोक हसून हात हलवत होते. एक म्हातारे मौलवीसाहेब खिडकीतून वाकून त्यांना उलट सलाम करत होते. माझा डबा आला. मी अर्धी बाहेर झुकून हाक मारली, पण बाजाच्या गोंगाटात ती गेली नाही. कवडूजींनी माझ्या डब्यालाही तसाच हात केला, तितक्याच मायेनं, तुटक्या दातानं हसत, आणि लगेच मागच्या डब्याकडे वळले.